एसएटीत १५५०, जीपीए मात्र ३.४ : ‘रीच’ कॉलेजे कशी निवडावीत?

वाचकाचे पत्र : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा नुकताच अकरावी संपवून हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात गेला आहे. एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत त्याला १६०० पैकी १५५० गुण मिळाले आणि कॉलेजच्या पातळीच्या एपी कॅल्क्युलस बीसीच्या परीक्षेत पाचपैकी ५. पण त्याचा अनवेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा वजन न देता काढलेली ग्रेडची सरासरी) ४ पैकी ३.४ आहे. दहावीच्या दुसऱ्या सत्रात गृहपाठ वेळेवर न दिल्यामुळे केमिस्ट्री आणि इतिहास या दोन्ही विषयांत सी आला. अकरावीत सुधारणा झाली, तरी कॅल्क्युलसच्या वर्गातली ग्रेड बी मायनसच राहिली. त्याला कॉम्प्युटर सायन्स करायचे आहे. यादीत एमआयटी, कार्नेगी मेलन, कॉर्नेल, जॉर्जिया टेक, बर्कली, यूसीएलए आणि शेवटी आमच्या राज्याचे रटगर्स अशी सात नावे आहेत. यजमान म्हणतात, एवढे गुण असताना घाबरायचे कशाला. मला मात्र काळजीने झोप लागत नाही. यांतली कोणती कॉलेजे ‘रीच’, म्हणजे प्रवेश मिळणे अवघड तरी प्रयत्न करण्याजोगी, म्हणून ठेवावीत?
– एक आई

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. बर्कली आणि यूसीएलए ही दोन नावे यादीतून काढावीत. एमआयटीचा अर्ज मुलाला मनापासून करायचाच असेल तर करू द्यावा, पण त्याचे नाव यादीत मोजू नये. उरलेल्या तिघांपैकी दोन ठेवावीत आणि त्यांच्या जोडीला आज यादीत नसलेली, परंतु या मुलाच्या कागदपत्रांना अधिक अनुकूल अशी एक-दोन कॉलेजे घ्यावीत. रीच कॉलेजे एकूण तीन, फार तर चार असावीत. ती निवडताना त्या कॉलेजात मुलाच्या एसएटीसारखे गुण असलेले विद्यार्थी किती आहेत, हे पाहण्यापेक्षा त्याच्यासारख्या ग्रेड असलेले विद्यार्थी किती आहेत, हे पाहावे. आज आपल्या घरात पहिलाच हिशेब चालू आहे, असे पत्रावरून दिसते.

हा हिशेब चुकण्यामागे एक जुनी आणि अगदी समजण्याजोगी सवय आहे. आपण आणि आपले यजमान महाराष्ट्रात शिकला असाल, तर आपला ‘नंबर लागला’ तो बारावीच्या पीसीएम गटाच्या गुणांवर किंवा एखाद्या प्रवेश परीक्षेवर. वर्षभर वह्या अपुऱ्या राहिल्या, सहामाहीत गटांगळ्या खाल्ल्या, तरी शेवटच्या परीक्षेत ज्याने पेपर सोडवला तो पुढे गेला. आजही आयआयटीच्या प्रवेशात बारावीचे ७५ टक्के हा एक उंबरठा आहे, तो ओलांडला की क्रम ठरतो तो जेईईच्या गुणांनीच. ज्या व्यवस्थेने आपल्याला वर आणले, तिचेच नियम सगळीकडे असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत मात्र चार वर्षांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेड यांची शाळेची नोंद, हा अर्जाचा कणा असतो आणि एसएटी हा त्याला जोडलेला एक कागद असतो. प्रवेश समिती आधी कोणते विषय घेतले हे पाहते, मग त्यांत काय ग्रेड मिळाल्या हे पाहते, आणि त्यानंतर परीक्षेचे गुण या चित्राला दुजोरा देतात की छेद देतात हे तपासते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत ते छेद देतात, आणि अडचण नेमकी इथे आहे. ग्रेड उत्तम व गुण साधारण असलेल्या मुलाबद्दल वाचणाऱ्याला वाटते की हा कष्टाळू आहे, परीक्षेच्या दिवशी कमी पडला असेल. गुण उत्तम व ग्रेड साधारण असलेल्या मुलाबद्दल वाटते की याला सगळे जमत होते आणि तरीही रोजचे काम याने केले नाही. हा निष्कर्ष दरवेळी न्याय्य असतोच असे नाही, पण तो काढला जातो, हे धरूनच अर्जाची आखणी करावी लागते. शिवाय १५५० हा आकडा आपल्या ओळखीच्या वर्तुळात मोठा असला, तरी एमआयटी किंवा कार्नेगी मेलनच्या वर्गात तो मधल्या रांगेतला आहे. जिथे जवळजवळ प्रत्येक अर्जदाराचे गुण याच्या आसपास असतात, तिथे ते वेगळेपण देत नाहीत. ते फक्त दाराबाहेर अडवत नाहीत. अडवतील त्या ग्रेड.

आपल्या यजमानांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. करोनाच्या काळात बहुतेक कॉलेजांनी परीक्षेची अट काढली होती. एमआयटीने ती २०२२ मध्ये परत आणली, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक, कॉर्नेल अशी अनेक नावे त्याच वाटेने गेली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स या संशोधन गटाच्या अभ्यासात असे दिसले की आयव्ही लीग आणि तिच्या तोडीच्या खासगी विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या यशाचा अंदाज शालेय जीपीएपेक्षा परीक्षेच्या गुणांवरून अधिक चांगला बांधता येतो. पण त्या विद्यापीठांत पोचलेल्या मुलांचे जीपीए बहुधा शिखरालाच टेकलेले असतात. सगळ्यांच्याच ग्रेड सारख्या असतील तर फरक दाखवायला गुणच उरतात. त्यावरून ‘गुण असले की ग्रेड चालवून घेतात’ असा अर्थ निघत नाही. शिकागोच्या सार्वजनिक शाळांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांवरचा २०२० सालचा अभ्यास पाहिला, तर तिथे कॉलेज पूर्ण होईल की नाही हे एसएटीसारख्याच एसीटी या परीक्षेच्या गुणांपेक्षा शालेय जीपीएने कितीतरी स्पष्ट सांगितले. कॉलेजांना हे दोन्ही ठाऊक आहे. परीक्षेची अट परत आणणे म्हणजे ट्रान्सक्रिप्ट बाजूला ठेवणे नव्हे.

आता कॅलिफोर्नियाचे पाहू. बर्कली आणि यूसीएलए ही दोन्ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचीच कॅम्पस आहेत. त्या विद्यापीठाच्या कोणत्याही कॅम्पसमध्ये प्रवेशासाठी एसएटीचे गुण पाहिलेच जात नाहीत. ते पाठवणे ऐच्छिक आहे असा इथे अनेकांचा समज असतो, प्रत्यक्षात निर्णय घेताना त्यांचा विचारच होत नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या अर्जातली सर्वांत भक्कम गोष्ट तिथे शून्य होते. एवढ्यावर हे थांबत नाही. ते विद्यापीठ स्वतःच्या पद्धतीने जो जीपीए काढते, त्यात दहावी आणि अकरावी याच दोन वर्षांचे विषय धरले जातात. ज्या सत्रात तुमच्या मुलाचा पाय घसरला, ते सत्र त्या हिशेबाच्या मध्यावर येऊन बसते. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला तिथे अर्ज करण्यासाठीच किमान ३.४ लागतो, आणि बर्कली किंवा यूसीएलएमध्ये प्रत्यक्ष प्रवेश मिळवणारे त्याच्या पुष्कळ वर असतात. राज्याबाहेरच्यांना भरावी लागणारी जादा फी वेगळीच. हे दोन अर्ज न केल्याने मुलाचे काही गमावणार नाही, उलट चार लांबलचक उत्तरे लिहिण्याचा वेळ वाचेल.

उरलेल्या कॉलेजांसाठी एक कागद आपण मुलासोबत बसून वाचावा, असा माझा आग्रह आहे. बहुतेक कॉलेजे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तपशील आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातल्या सी ७ या तक्त्यात प्रवेशासाठी कोणत्या गोष्टीला किती महत्त्व आहे, हे कॉलेजाने स्वतः नोंदवलेले असते : अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, वर्गातला क्रमांक, जीपीए, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्रे. जिथे जीपीए ‘अतिशय महत्त्वाचा’ आणि परीक्षेचे गुण नुसते ‘विचारात घेतले जातात’ असे लिहिले आहे, ते कॉलेज या मुलाला अवघड. जिथे दोन्हींना सारखे वजन आहे, तिथे त्याच्या गुणांना बोलायला जागा आहे. त्यानंतर सी ११ पाहावे. त्यात प्रत्यक्ष प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची जीपीएच्या गटांनुसार टक्केवारी असते, आणि तुमचा मुलगा ३.२५ ते ३.४९ या गटात बसतो. काही कॉलेजे हा तक्ता रिकामा ठेवतात, पण जिथे तो भरलेला आहे तिथे या एका ओळीतून जितके कळते तितके क्रमवारी लावणाऱ्या दहा याद्यांतून कळत नाही. त्या ओळीत एखाद-दुसरा टक्काच दिसला, तर तेवढ्यातही खेळाडू आणि इतर विशेष कारणांनी घेतलेली मुले असतात, हे लक्षात ठेवावे. सहा-सात टक्के दिसले तर दार किलकिले आहे. परीक्षेच्या गुणांचा सी ९ हा तक्ता बहुतेक पालक सर्वांत आधी उघडतात. आपण तो शेवटी उघडावा. जिथे गुण पाठवणे ऐच्छिक आहे तिथे त्या तक्त्यात ज्यांनी ते पाठवले त्यांचेच आकडे असतात, त्यामुळे ते फुगलेले दिसतात. तरीही १५५० हे गुण जिथे पाहिले जातात तिथे सर्वत्र पाठवावेत, त्यात शंका नको.

याहूनही जवळचा पुरावा मुलाच्या शाळेतच आहे. शाळेत नॅव्हियान्स किंवा स्कॉयर यांपैकी एखादी प्रणाली असेल, तर त्यात गेल्या काही वर्षांत याच शाळेतून एखाद्या कॉलेजाला अर्ज केलेल्या मुलांचे जीपीए आणि गुण ठिपक्यांच्या आलेखावर दिसतात. तुमच्या मुलाचा ठिपका ज्या कोपऱ्यात पडतो, म्हणजे गुण वर आणि जीपीए खाली, त्या कोपऱ्यात प्रवेश मिळाल्याची खूण एक तरी आहे का, ते पाहावे. प्रवेश समिती अर्ज शाळेच्या संदर्भात वाचते. शाळा ट्रान्सक्रिप्टसोबत स्वतःची माहिती देणारे पत्रकही पाठवते आणि त्यातून तिथे ग्रेड किती सढळ किंवा कडक दिल्या जातात हे समितीला कळते. कडक शाळेतला ३.४ आणि सैल शाळेतला ३.४ एकच नसतात. आपली शाळा कोणत्या प्रकारची आहे, हे काउन्सेलरांना थेट विचारायला संकोच करू नये.

कॉम्प्युटर सायन्समुळे हिशेब आणखी घट्ट होतो. कार्नेगी मेलनमध्ये प्रवेश विद्यापीठाला नसून त्यातल्या विशिष्ट कॉलेजाला असतो, आणि तिथले स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्स हे देशातल्या सर्वांत कठीण दारांपैकी एक आहे. इलिनॉय किंवा वॉशिंग्टनसारख्या सार्वजनिक विद्यापीठांतही या विषयाला वेगळा आणि विद्यापीठाच्या सरासरीपेक्षा कितीतरी कडक प्रवेश आहे. म्हणून संपूर्ण विद्यापीठाचा स्वीकृतीचा टक्का पाहून दिलासा मानू नये. मुलाला खरोखर काय करायचे आहे, हे इथे विचारावे लागेल. गणित, सांख्यिकी, भाषाशास्त्र किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग यांतले काही त्याला मनापासून आवडत असेल, तर त्या विषयातून अर्ज केल्याने मार्ग रुंद होऊ शकतो. मात्र ‘आधी आत शिरू, मग विषय बदलू’ असा बेत असेल, तर तो आधीच सोडून द्यावा. अनेक ठिकाणी नंतर बदल जवळजवळ अशक्य असतो आणि मुलगा नको असलेल्या विषयात चार वर्षे अडकतो.

माझ्या मते जॉर्जिया टेक आणि कॉर्नेल यांना रीच म्हणून ठेवावे. दोन्ही ठिकाणी एसएटी आवश्यक आहे, म्हणजे गुण नक्की वाचले जातील. जॉर्जिया टेकमध्ये राज्याबाहेरच्यांसाठी स्पर्धा फार तीव्र आहे, हे गृहीत धरून. कॉर्नेलऐवजी कार्नेगी मेलन घ्यायचे का, हा निर्णय वर सांगितलेल्या तक्त्यांवर आणि मुलाच्या ओढीवर सोडावा. त्यांच्या जोडीला परड्यूचा विचार जरूर करावा, कारण तिथेही परीक्षा अनिवार्य आहे आणि कॉम्प्युटर सायन्स उत्तम आहे. केस वेस्टर्न, रॉचेस्टर, रेन्सेलर ही नावे आपल्या मंडळींच्या गप्पांत क्वचित येतात, म्हणून ती कमी दर्जाची आहेत असे नाही. यांसारख्या ठिकाणी १५५० हा आकडा मधल्या रांगेत न बसता पुढच्या रांगेत येतो, आणि काही वेळा त्याचे रूपांतर शिष्यवृत्तीतही होते. रीच या शब्दाचा अर्थ फक्त ‘सर्वांत प्रसिद्ध’ असा करून घेतला, की ही मधली आणि या मुलासाठी खरी संधी असलेली पट्टी नजरेतून सुटते.

एक वेगळी वाटही सुचवतो. इंग्लंड व स्कॉटलंडमधली विद्यापीठे अमेरिकन विद्यार्थ्याकडून हायस्कूल डिप्लोमा मागतात, काही ठिकाणी किमान जीपीएही मागतात. पण निवडीचा मुख्य भर बहुधा एपी परीक्षांच्या गुणांवर असतो, आणि संबंधित विषयांतल्या साधारण तीन किंवा अधिक एपींची अपेक्षा असते. तिथे दहावीतला इतिहासाचा सी फारसा कोणी उकरून काढत नाही. यूसीएएस या तिथल्या सामाईक अर्जव्यवस्थेमार्फत एकाच अर्जात पाच पर्याय देता येतात. कॅल्क्युलसमध्ये ५ आहेच, आणखी दोन विषयांत तसेच गुण असतील किंवा येत्या मे महिन्यात येण्यासारखे असतील, तर हा मार्ग त्याच्यासाठी स्वप्नापेक्षा पुष्कळ वास्तव आहे. फी आणि अंतर यांचा विचार अर्थातच घरात बसून करावा लागेल.

आता वेळेबद्दल, कारण इथे होणारी चूक नंतर सुधारता येत नाही. आपल्याकडे सगळे १ नोव्हेंबरच्या अर्ली अर्जाची घाई करतात. अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचे बंधन स्वीकारून केलेल्या अर्जात, शक्यता थोडी वाढते हे खरे, पण त्या वेळी समितीसमोर अकरावीपर्यंतच्याच ग्रेड असतात, फार तर पहिल्या तिमाहीच्या. ज्याचा आलेख वर चालला आहे अशा मुलाचा सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे बारावीच्या पहिल्या सत्राच्या ग्रेड, आणि त्या मिड-इयर रिपोर्टमधून जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजांपर्यंत पोचतात. म्हणून बंधनकारक अर्ली अर्ज एखाद्या अति-दूरच्या नावावर खर्च करू नये. एकतर नियमित फेरीत जावे, किंवा जिथे जानेवारीच्या सुमारास अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते अशा कॉलेजाचा विचार करावा. बंधनकारक अर्ज करण्यापूर्वी त्या कॉलेजाच्या संकेतस्थळावरचे नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला पडणाऱ्या खर्चाचा अंदाज देणारे साधन) भरून पाहणे अत्यावश्यक आहे. अनेक खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ९०,००० डॉलरच्या आसपास किंवा पुढे गेला आहे, आणि प्रवेश मिळाल्यावर ‘परवडत नाही’ असे मुलाला सांगण्याची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये.

एसएटी पुन्हा देण्याचा विचार असेल तर तो सोडावा. १५५० चे १५८० झाल्याने काहीही बदलणार नाही, आणि त्या तयारीचे तास बारावीच्या वर्गातल्या गृहपाठातून वजा होतील. तिथे एक बी कमी होऊन ए आला, तर त्याचे वजन त्या तीस गुणांपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

आणि शेवटी मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या पत्रात ‘गृहपाठ वेळेवर दिला नाही’ असे लिहिले आहे, पण का दिला नाही हे नाही. कदाचित आपल्यालाही ते नीट ठाऊक नसेल. घरात काही आजारपण, स्थलांतर, ताण होता का? तो एकटा पडला होता का? की काम समजत होते, पण सुरू करणे आणि संपवणेच जमत नव्हते? परीक्षेत चमकणाऱ्या आणि रोजच्या कामात सतत मागे राहणाऱ्या काही मुलांमध्ये एडीएचडीसारखी, लक्ष टिकवणे कठीण करणारी आणि वर्षानुवर्षे न ओळखलेली अडचण असते. मी आपल्या मुलाला न भेटता तसे काही आहे असे म्हणत नाही. पण ही शंका आपल्या मनात कधी येऊन गेली असेल, तर ‘हुशार मुलाला कसले डॉक्टर’ असे म्हणून ती दाबू नये. त्याच्या डॉक्टरांशी बोलून रीतसर तपासणी करून घ्यावी. अर्जासाठी नव्हे, तर पुढच्या वर्षी वसतिगृहात त्याला सकाळी उठवायला आणि गृहपाठाची आठवण करायला कोणी नसेल म्हणून.

कारण काही निघाले, तर ते अर्जात सांगण्याची योग्य जागा मुख्य निबंध नव्हे. काउन्सेलरांच्या पत्रात ते आले तर सर्वांत विश्वासार्ह ठरते, आणि मुलाने ‘अतिरिक्त माहिती’ या भागात चार-पाच सरळ वाक्यांत लिहिले तरी पुरे : काय झाले, कधी झाले, त्यानंतर काय बदलले. शिक्षकांना दोष नको, केविलवाणा सूरही नको. शिफारसपत्रासाठी अकरावीतले असे शिक्षक निवडावेत ज्यांनी त्याला सावरताना पाहिले आहे. बी मायनस देणारे कॅल्क्युलसचे शिक्षकच ‘याला हा विषय मनापासून कळतो, आणि शेवटच्या दोन महिन्यांत याने एकही काम चुकवले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहू शकत असतील, तर परीक्षेतल्या ५ बरोबर वाचले जाणारे ते पत्र एखाद्या ए देणाऱ्या शिक्षकाच्या गुळमुळीत पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

यादीचा पाया मात्र रीच कॉलेजांनी बनत नाही. आज तुमच्या यादीत सहा रीच आणि खाली एकटे रटगर्स आहे, आणि रटगर्सला या मुलाने ‘सेफ्टी’, म्हणजे प्रवेश हमखास मिळेल असे कॉलेज, म्हणून गृहीत धरू नये. एनजेआयटी (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) सारखे, जिथे प्रवेशाची खात्री जास्त आहे आणि राज्यातल्या रहिवाशाला परवडते असे एखादे नाव खाली हवे, आणि मध्ये चार-पाच अशी कॉलेजे हवीत जिथे ३.४ हा आकडा अपवाद ठरत नाही. ही खालची नावे मुलाने स्वतः शोधावीत, शक्य तर जाऊन पाहावीत, आणि तिथे राहायला आपल्याला आवडेल असे त्याच्या तोंडून यायला हवे. वरच्या तीन नावांवर चर्चा त्यानंतर करावी.

शाळा सप्टेंबरमध्ये उघडेल तेव्हा काउन्सेलरांकडे गर्दी असेल, म्हणून भेटीची वेळ आत्ताच ईमेलने मागून ठेवावी. त्या भेटीआधी एखाद्या संध्याकाळी, यजमान आणि आपण दोघे मिळून नव्हे, तर आपण एकट्याने मुलासोबत बाहेर चालायला जावे आणि दहावीच्या त्या वसंतात त्याचे काय चालले होते एवढेच विचारावे. कॉलेजांची नावे त्या दिवशी काढू नयेत.